तरंगतेय तोवरच उचला: बेवारस बोटींचं त्रांगडं

खाडीत नांगरून ठेवलेल्या आणि महिनोन्‌महिने कोणी न फिरकलेल्या बोटीला बुडायला वादळ लागत नाही. पाऊस पुरतो. हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. दहा मीटर लांबीच्या बोटीचा वरचा भाग वीसेक चौरस मीटर धरला, तर १०० मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात तिच्यावर २,००० लिटर, म्हणजे दोन टन पाणी पडतं. ते वाहून जायला वाटा असतात, पण त्या पालापाचोळ्यानं आणि पक्ष्यांच्या विष्ठेनं तुंबतात. मग पाणी बोटीच्या पोटात उतरतं. ते बाहेर फेकायला पंप असतो, पंप बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी चार्ज करायला कोणी आलेलंच नसतं. बोट थोडी खाली बसते. इंजिनाच्या धुराची नळी, मोरीचा पाइप अशी आजवर पाण्याच्या वर असलेली भोकं आता पाण्याखाली जातात. तिथून पुढचं काम समुद्र करतो.

बोटीच्या बुडाला मुळातच काही भोकं असतात. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, पंखा फिरवणारा दांडा बाहेर काढायला जागा लागते. या प्रत्येक ठिकाणी एखादी रबरी नळी, एखादी पट्टी, एखादी झडप समुद्राला बाहेर थोपवून उभी असते. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवरची अडीच सेंटिमीटर व्यासाची एक नळी निसटली, तर सेकंदाला साधारण एक लिटर पाणी आत येतं. तासाला साडेतीन टन. मालक बोटीवर असेल तर झडप फिरवतो आणि चहा प्यायला बसतो. नसेल तर सकाळी नुसती डोलकाठी दिसते.

आदल्या दिवशी हीच बोट एका लहान बोटीनं दोर लावून धक्क्यापर्यंत ओढून नेली असती. आता पाणबुडे हवेत, क्रेन हवी, तेल पसरू नये म्हणून भोवती तरंगतं कुंपण हवं, आणि हे सगळं वाहून आणायला बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू होडी, हवी. एका रात्रीत खर्च कैक पटींनी वाढला. बेवारस बोटींचा प्रश्न समजून घ्यायचा तर या एका रात्रीवर बोट ठेवा. तिच्या आधी काम स्वस्त असतं, पण करायला कोणी पुढे येत नाही. नंतर सगळेच धावतात.

आधी दोन शब्द वेगळे करू, कारण बोलताना त्यांची सरमिसळ होते. बेवारस म्हणजे मालकानं सोडून दिलेली किंवा मालकच सापडत नाही अशी. मोडकळीला आलेली म्हणजे जिची अवस्था वाईट आहे अशी. मालक दर रविवारी येऊन डेकवर पेपर वाचत बसतो, पण बोट कुजलेली आहे, असं असू शकतं. बोट ठणठणीत आहे, पण मालक वारला आणि वारसांचं भांडण चालू आहे, असंही असू शकतं. कुजलेल्या बोटीच्या मालकाला जाब विचारता येतो, वारसांच्या भांडणातल्या बोटीसाठी जाब कोणाला विचारायचा हेच ठरत नाही. बुडालेली किंवा रुतून बसलेली बोट हा तिसराच प्रकार, आणि तिला बहुतेक देशांत कायदाही वेगळा लागतो.

आता, माणसं बोट सोडून का देतात? आळशीपणा आणि बेजबाबदारपणा ही कारणं सगळ्यांना चटकन सुचतात. ती खोटी नाहीत, पण मला त्यापेक्षा साधा बाजारभाव जास्त बोलका वाटतो. लोखंडी जहाज कितीही म्हातारं झालं तरी त्याच्या पत्र्याला भाव येतो, म्हणून जहाज तोडणारे ते पैसे देऊन विकत घेतात. फायबरच्या बोटीला भंगारात कोणी विचारत नाही. तिचं इंजिन आणि तिचा बुडाखालचा शिशाचा किंवा लोखंडी कणा काढून घेतला की उरतं ते टाकायलाच पैसे लागतात. म्हणजे एका वयानंतर तिची किंमत शून्याच्याही खाली जाते. धक्क्याचं भाडं, रंग, विमा, इंजिनाची दुरुस्ती हे मात्र चालूच असतं, उलट वाढत जातं.

अशी बोट मग हातोहात फिरते. पहिला मालक दुसऱ्याला विकतो, दुसरा निम्म्या भावात तिसऱ्याला, आणि शेवटचा तर ती फुकटातच घेतो. बोट जितकी जुनी तितकी ती कमी पैसेवाल्याच्या हातात जाते, आणि नेमकी तेव्हाच तिला सर्वांत जास्त पैसा लागतो. संगीत खुर्चीतलं गाणं थांबतं तेव्हा जो उभा राहतो तो गुन्हेगार ठरतो. आधीच्या चौघांनी तिच्यावर हौस भागवलेली असते, पण ते चित्रात कुठेच नसतात.

यात एका पिढीचा हिशेबही आहे. फायबरच्या बोटींचं मोठं उत्पादन १९६० आणि १९७०च्या दशकांत सुरू झालं. त्याआधीच्या लाकडी बोटी आपोआप कुजत, त्यांना समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा खात असे. फायबर कुजत नाही. बोट तीस, चाळीस, पन्नास वर्षं सहज टिकते. बनवणाऱ्यांनी हे कौतुकानं सांगितलं आणि शेवटी तिचं करायचं काय, हे कोणीच विचारलं नाही. त्या काळच्या बोटी आता एकदमच म्हाताऱ्या झाल्या आहेत.

मासेमारीच्या ताफ्यांची गोष्ट वेगळी. तिथे मासळी घटते, डिझेल महागतं, कंपनी बुडते आणि ट्रॉलर जागेवरच राहतो. मॉरिटानियातल्या नुआधिबूच्या उपसागरात अशी शेकडो जहाजं एकमेकांशेजारी गंजत पडली होती. मोठ्या जहाजांमध्ये तर मालक एका देशात, झेंडा दुसऱ्या देशाचा आणि खलाशी तिसऱ्याच देशाचे असतात. जहाज सोडलं की खलाशीही सोडले जातात, पगाराविना आणि कधीकधी पिण्याच्या पाण्याविना. बैरुतच्या बंदरात २०१३ साली आलेलं ऱ्होसस हे असंच एक जहाज. ते तिथेच अडकलं, मालकानं हात झटकले, आणि त्यातलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट उतरवून गोदामात ठेवलं गेलं. जहाज २०१८ साली बंदरातच बुडालं, फारसा कोणाला पत्ताही न लागता. गोदामातल्या मालाचा ४ ऑगस्ट २०२० रोजी झालेला स्फोट जगानं पाहिला. एवढं टोक क्वचित गाठलं जातं, पण सुरुवात नेहमी अशीच कंटाळवाणी असते: थकलेलं भाडं, उत्तर न आलेलं पत्र, ढकललेली तारीख.

बरं, पडून राहिली तर बिघडलं काय? तेल हे पहिलं उत्तर, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. डिझेल, इंजिन ऑइल, बॅटरीतलं आम्ल आणि शिसं, जुन्या जहाजांतलं अ‍ॅस्बेस्टॉस. बोट अडखळण होते हेही उघड आहे: भरतीच्या वेळी पाण्याखाली एक फूट असलेला सांगाडा रात्री येणाऱ्या बोटीला दिसत नाही. साखळीला बांधलेली बोट वाऱ्याबरोबर गोल फिरते, तिच्याबरोबर साखळी तळ खरवडत जाते, आणि समुद्री गवताच्या कुरणात टक्कल पडल्यासारखं वर्तुळ उमटतं. हे सगळं डोळ्यांना दिसतं. न दिसणारं जास्त गमतीचं आहे.

बोटीच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ चिकटू नये म्हणून विषारी रंग लावतात. पूर्वी त्यात ट्रायब्युटिल टिन नावाचं रसायन असे. ते इतकं जालीम होतं की पाण्यात नावापुरतं असलं तरी गोगलगाईंच्या काही जातींतल्या माद्यांना नराचे अवयव फुटत. फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात कालवांची शिंपलं वेडीवाकडी होऊ लागली, तेव्हा फ्रान्सनं १९८२ साली लहान बोटींवर त्याला बंदी घातली. जगभरची बंदी आंतरराष्ट्रीय कराराद्वारे २००८ साली अमलात आली. पण जुन्या बोटीच्या बुडावर रंगाचे थर एकावर एक चढलेले असतात. वरचा थर नवा आणि कायदेशीर असला, तरी खाली कुठेतरी १९७५ सालचा थर असतो. चालती बोट दर वर्षी खरवडून, रंगवून जपली जाते. रुतलेली बोट प्रत्येक लाटेबरोबर वाळूवर घासते आणि ते थर एकेक करून सोडत जाते.

रंगाखाली फायबर. काचेचे तंतू आणि राळ यांचं हे मिश्रण उन्हानं आणि घर्षणानं भुगा होत जातं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चिचेस्टर हार्बरमध्ये ब्रायटन आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांना कालवांच्या एका किलो मांसात काचेचे ११,२२० पर्यंत कण सापडले. हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. हे नमुने चालू बोटयार्डाजवळचे होते आणि दुरुस्तीच्या दिवसांत कण वाढलेले दिसले, म्हणजे सगळा दोष बेवारस बोटींच्या माथी मारता येणार नाही. पण यार्डातला भुगा गोळा तरी करता येतो. खाडीच्या तोंडाशी फुटत चाललेल्या सांगाड्याखाली ताडपत्री कोण अंथरणार?

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र विषाचं नाहीच, साध्या लोखंडाचं आहे. प्रशांत महासागराच्या मध्यावर पामायरा नावाचं प्रवाळबेट आहे. तिथे १९९१ साली मासेमारीचं एक जहाज खडकावर चढलं आणि तिथेच राहिलं. खंडांपासून इतक्या दूरच्या पाण्यात लोह जवळजवळ नसतंच, आणि तिथलं सगळं जीवन त्या उपासमारीला सरावलेलं असतं. जहाज गंजू लागलं, लोह पाण्यात मिसळू लागलं, आणि प्रवाळाचाच एक चुलतभाऊ, जो चुनखडीचा सांगाडा बांधत नाही, तो भराभर पसरून खऱ्या प्रवाळाला झाकत सुटला. शास्त्रज्ञांनी मोजलं तेव्हा जहाजाजवळ तो सर्वांत दाट होता, दूर जावं तसा विरळ. काही बोयांच्या जवळही तो दाट दिसला. अखेर २०१३ सालच्या मोहिमेत ते जहाज तुकड्या-तुकड्यांनी काढावं लागलं. इथे प्रश्न तेलाचा नव्हताच. नुसतं लोखंड पुरलं.

म्हणूनच ‘राहू द्या की, माशांना घर होईल’ हा युक्तिवाद मला पटत नाही. कृत्रिम प्रवाळखडक म्हणून जहाजं बुडवतात हे खरं आहे. ओरिस्कनी ही विमानवाहू युद्धनौका २००६ साली फ्लोरिडाच्या पेन्साकोलाजवळ मुद्दाम बुडवली गेली. पण त्याआधी तिच्यातलं तेल आणि विषारी पदार्थ काढण्यात बराच काळ आणि बराच पैसा गेला, खोली आणि जागा अभ्यासून ठरवली गेली. उथळ खाडीत आपोआप बुडालेली, रंग-तेल-बॅटरीसकट पडलेली फायबरची हलकी बोट कुठल्या वादळात कुठे जाईल याचा भरवसा नाही. तिच्यात दोन मासे दिसले म्हणून ती घर ठरत नाही.

मग न्यायची उचलून! इथे कायदा आडवा येतो. एक लोकप्रिय गैरसमज आधी बाजूला करू. समुद्रात सापडलेली रिकामी बोट सापडणाऱ्याची होत नाही. मालकानं पाठ फिरवली तरी मालकी सहजासहजी संपत नाही. ब्रिटनमध्ये तर अशी वस्तू सापडली की २८ दिवसांत त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला कळवावं लागतं, नाही तर सापडणाराच गुन्हेगार. जो धोक्यातली बोट वाचवतो त्याला मोबदला मिळतो, हे समुद्राच्या कायद्याचं जुनं तत्त्व आहे. पण तो मोबदला वाचलेल्या मालाच्या किमतीतून मिळतो. वाचवलं तर पैसे, नाही वाचवलं तर काही नाही, असा तो सौदा असतो. त्यामुळे श्रीमंत मालाचं जहाज अडकलं की वाचवणाऱ्यांची रांग लागते. जिची किंमत शून्याखाली गेली आहे ती बोट वाचवून मोबदला कशातून काढायचा? शतकानुशतकं चाललेली ही व्यवस्था नेमकी आपल्या बोटीपाशी येऊन थांबते.

बुडालेली जहाजं काढण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार २००७ साली नैरोबीत झाला आणि १४ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. भारतही त्यात सामील आहे. धोकादायक अवशेष काढण्याची जबाबदारी जहाजमालकावर, आणि त्यासाठी विमा सक्तीचा, हे त्याचं सार. चांगला करार आहे, पण विम्याची सक्ती ३०० ग्रॉस टनेज आणि त्यावरच्या जहाजांना आहे. ग्रॉस टनेज हे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं माप. मासेमारीच्या आणि हौशी बोटी बहुतांशी त्याच्या कितीतरी खाली असतात. शिवाय किनाऱ्यालगतचे १२ सागरी मैल या करारात आपोआप येत नाहीत, देशानं तसं वेगळं कळवलं तरच येतात. खाडीतली लहान बोट अशी दोन्ही जाळ्यांतून निसटते. तिचा भार पडतो स्थानिक कायद्यावर.

आणि स्थानिक कायद्याची चाल कशी असते? बोटीवरचा क्रमांक शोधायचा. तो बहुधा खरवडलेला किंवा उन्हानं पुसलेला. सापडला तर नोंदवहीतला मालक शोधायचा. त्यानं बोट रोख पैशांत दुसऱ्याला विकलेली, नाव बदललेलंच नाही. पत्र पाठवायचं, बोटीवर नोटीस चिकटवायची, जाहीर सूचना द्यायची, ठरलेले दिवस थांबायचं, कोणी हरकत घेतली तर सुनावणी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एकाच जागी सलग ३० दिवस, किंवा वर्षभरात मिळून ९० दिवस, विनापरवानगी राहिलेली बोट बेवारस समजता येते. कॅनडात २०१९ पासून बोट सोडून देणं हाच गुन्हा आहे, आणि मोडकळीला आलेली बोट एकाच परिसरात सलग ६० दिवस विनापरवानगी ठेवता येत नाही. तेल गळत असेल किंवा बोटीनं वाट अडवली असेल तर थांबायची गरज नसते, अधिकारी लगेच हात घालू शकतात. म्हणजे बोट बुडायला लागली की कायदा वेगवान होतो. नुसती बुडेलशी वाटत असेल, तर मात्र तो नोटीस चिकटवून दिवस मोजत बसतो.

या दिरंगाईवर चिडणं सोपं आहे. पण नोटीस ही नुसती लाल फीत नाही. बोट ही मालमत्ता आहे, आणि काहींचं ते घर असतं. ज्यांना जमिनीवर भाडं परवडत नाही अशी माणसं अनेक देशांत जुन्या बोटींवर राहतात. बाहेरून भंगार दिसणाऱ्या बोटीत कोणाचं तरी अंथरूण, औषधं, कागदपत्रं असू शकतात. ती सकाळी क्रेननं उचलून संध्याकाळी चिरडणं म्हणजे बिनसुनावणीचं घर पाडणं. हे मान्य करूनही एक मधला रस्ता निघतो. फ्लोरिडानं २०१६ साली ‘धोक्यात आलेली बोट’ असा वेगळा गट केला. पाणी आत येतंय आणि उपसायची सोय नाही, जे भाग बंद असायला हवेत ते उघडे पडलेत, नांगर सुटलाय किंवा सुटण्याच्या बेतात आहे, पाणी भरल्यानं बोट एका अंगाला कललीय: यातलं एक लक्षण दिसलं तरी मालकाला दंड होतो आणि पुढच्या वेळी तो वाढतो. बोट कोणी लगेच जप्त करत नाही, पण ती तरंगत असतानाच मालकाच्या दारावर थाप पडते. साधी गोष्ट आहे, आणि माझ्या मते या सगळ्या कायद्यांतली सर्वांत शहाणी.

थाप पडली नाही तर काय होतं, याचं उदाहरण वॉशिंग्टन राज्यातच आहे. डीप सी नावाची १२८ फुटी जुनी मासेमारी नौका तिथल्या पेन कोव्हमध्ये विनापरवानगी नांगरून पडली होती. लपून नव्हे, सगळ्यांच्या देखत. मे २०१२ मध्ये तिला आग लागली आणि ती बुडाली. शेजारीच शिंपल्यांची मोठी शेती होती. डिझेल पसरलं, शिंपल्यांची काढणी थांबवावी लागली, आणि नौका वर काढून तोडायला नेली गेली. पुढच्याच वर्षी राज्यानं कायदा कडक केला: ६५ फुटांपेक्षा लांब आणि ४० वर्षांपेक्षा जुनी बोट विकायची तर आधी तिची तपासणी हवी. संगीत खुर्चीतल्या त्या शेवटच्या फेऱ्या इथे थोड्या अवघड झाल्या. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर जून २००० मध्ये अडकलेली रिव्हर प्रिन्सेस ही नौका तर निविदा आणि खटल्यांच्या फेऱ्यांत वाळूत खोल खोल रुतत गेली. तिला पूर्ण काढेपर्यंत २०१२ उजाडलं.

बुडालेली बोट उचलणं हे काम पाहायला मोठं रंजक असतं, आणि त्यातलं शास्त्र शाळेतलंच आहे. पाण्याखाली वस्तूचं वजन कमी भासतं, त्यामुळे बोट तळापासून पृष्ठभागापर्यंत आणणं तुलनेनं सोपं. खरा भार पृष्ठभागावर आल्यावर लागतो. बोटीत दहा घनमीटर पाणी भरलेलं असेल तर पाण्याखाली असताना ते पाणी काहीच वजन दाखवत नाही, पण बोट समुद्राच्या वर उचलली की तेच दहा टन क्रेनवर येतात. म्हणून जाणकार माणसं तिला फक्त काठ पाण्याबाहेर येईल एवढीच उचलतात, तिथे धरून ठेवतात आणि पंप लावतात. घाई केली तर पट्टे बोटीत रुततात आणि कुजलेली बोट मधूनच दुभंगते.

क्रेन नसेल तर हवेच्या पिशव्या. एक घनमीटर हवा समुद्राच्या पाण्यात साधारण एक टन उचलते. पण हवा दाबली जाते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथे अर्धी भरलेली पिशवी वर येईपर्यंत पूर्ण फुगते आणि दुप्पट जोर लावते. बोट सुटली की वेग घेत जाते, रॉकेटसारखी वर उसळते, पालथी होते आणि पुन्हा बुडते. म्हणून अशा पिशव्यांना जादा हवा सोडायला झडपा असतात, आणि पाणबुडे बोटीच्या थेट वर किंवा खाली थांबत नाहीत.

चिखलाची गंमत आणखी वेगळी. चिखलात रुतलेला पाय उपसताना चप्पल आत राहते ना, तसं बोटीचं बूड चिखलाला धरून असतं. सरळ वर ओढत राहिलं तर जोर वाढत जातो, आणि पकड सुटली की सगळा जोर एकदम मोकळा होतो. म्हणून बुडाखाली पाण्याचा फवारा मारतात, बोट हळूहळू डुलवतात, नाही तर भरतीची मदत घेतात. ओहोटीला बार्ज बोटीच्या वर आणायचा, दोर ताणून बांधायचे आणि सहा तास गप्प बसायचं. चंद्र उरलेलं काम करतो. ही फार जुनी आणि फुकटातली युक्ती आहे, फक्त भरती-ओहोटीत पुरेसा फरक हवा.

एकदा तरंगली की झालं, असं वाटतं. पण अर्धवट पाणी असलेली बोट रिकाम्या किंवा पूर्ण भरलेल्या बोटीपेक्षाही दगाबाज असते. परातीत दोन बोटं पाणी घेऊन चालून पाहा. परात जरा कलली की पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. बोटीच्या पोटात हेच होतं, टनांच्या हिशेबानं.

आणि हे सगळं कोणी हौशी माणसांनी करायचं काम नव्हे. पोटात साठलेली डिझेलची वाफ, बंद खोलीतली प्राणवायू नसलेली हवा, पायाखाली दुभंगणारं डेक: एकटी-दुकटी माणसं अशा बोटीत उतरून मरू शकतात. दिसली तर फोटो, क्रमांक आणि जागा टिपून बंदराच्या अधिकाऱ्यांना किंवा तटरक्षकांना कळवावं. तेल दिसत असेल किंवा ती एका बाजूला कललेली असेल तर ते आवर्जून सांगावं, कारण त्यावर फाइलीचा वेग ठरतो.

पैसा कोण देतो? कायद्यानं मालक. प्रत्यक्षात मालक सापडत नाही, सापडला तर त्याच्याकडे काही नसतं. त्यामुळे बिल सार्वजनिक तिजोरीवर येतं. वॉशिंग्टननं २००२ साली बेवारस बोटी काढायची योजना सुरू केली आणि तिच्यासाठी बोटींच्या नोंदणी शुल्कातला थोडा हिस्सा बाजूला ठेवला. म्हणजे सगळे बोटवाले मिळून थोडं थोडं भरतात. मला अधिक आवडते ती याच्या आधीची पायरी: बोट नको असेल तर आणून द्या, आम्ही तोडतो, दंड नाही. वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा या राज्यांत अशा योजना आहेत. बेजबाबदार माणसाला हे बक्षीसच झालं, असा आक्षेप येतो. थोडंसं होतंही. पण धक्क्यावर स्वतः चालत आलेली बोट तोडणं आणि तीच बोट दोन वर्षांनी चिखलातून उपसणं यांतला फरक पाहिला की हा राग महाग पडतो.

शेवटी तोडायची म्हणजे काय? शिसं, अ‍ॅल्युमिनियम, पोलाद यांना गिऱ्हाईक असतं. अडतं ते फायबरपाशी. त्यातली राळ एकदा कडक झाली की वितळत नाही, भाजलेल्या विटेचा पुन्हा चिखल होत नाही तशी. भुगा करून सिमेंटच्या भट्टीत जाळता येतो, त्यातली काच सिमेंटमध्ये मिसळते आणि राळ इंधन होते. नाही तर कचऱ्याच्या मैदानात पुरायचं, आणि बहुतेक ठिकाणी अजून तेच होतं. फ्रान्सनं टोक उलटं पकडलं. तिथे १ जानेवारी २०१९ पासून नवी हौशी बोट बाजारात आणणाऱ्याला तिच्या अंत्यसंस्काराची वर्गणी आधीच भरावी लागते, आणि त्या पैशातून जुन्या बोटी मालकाकडून काही न घेता तोडल्या जातात. बोट यार्डापर्यंत आणण्याचा खर्च मात्र मालकाचा.

तुकडे झाले की एक काम उरतं आणि ते हमखास विसरलं जातं: नोंदणी रद्द करणं आणि बुडावर कोरलेला क्रमांक नष्ट करणं. ते राहिलं तर कागदावर ती बोट तरंगतच राहते. मग पुढच्या बेवारस बोटीचा मालक शोधायला कोणी नोंदवही उघडली, की तिच्यात कधीच सिमेंट झालेल्या बोटींची नावं आणि त्यांचे जुने पत्ते निघतात, आणि नोटिसा त्या पत्त्यांवर जात राहतात.